कचरा डेपोचा अहवाल कोणत्या भाषेत?

शहर वाढले की कचरा वाढतो आणि कचरा वाढला की डेपोला जागा कमी पडते. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांवर होती. त्यानंतर उपनगरे कशी पसरली, हे आपण पाहतोच आहोत. या शहराचा कचरा वेंगुर्ला रस्त्यावरील तुरमुरीच्या डेपोत जातो. त्यामुळे डेपो वाढवण्याची नुसती कुणकुण लागली तरी तुरमुरी, उचगाव, बाची या पट्ट्यात अस्वस्थता पसरते. ती अनाठायी आहे असे आम्हाला वाटत नाही. हा धो-धो पावसाचा, भाताचा आणि रताळ्यांचा मुलूख आहे. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी पावसाळ्यात अडवले गेले नाही, तर ते शेतात आणि विहिरीत उतरणार. पश्चिम भागातील राकसकोपचे पाणी शहराने प्यायचे आणि शहराचा कचरा पश्चिम भागानेच सोसायचा, हा व्यवहारही तसा एकतर्फीच आहे!

परंतु आमचा आजचा मुद्दा भाषेचा आहे. डेपोच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी लागते. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत तयार करावा लागतो. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि ती एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात प्रसिद्ध करावी लागते. सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो.

खरी गोम ‘स्थानिक भाषा’ या दोन शब्दांत आहे. तुरमुरीची स्थानिक भाषा कोणती? घरात, शेतात, देवळात मराठी बोलणाऱ्या गावाला हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. पण राज्यभाषा तीच स्थानिक भाषा, असा सोयीचा अर्थ लावला की कन्नडमधील सारांशाने नियमाचे पालन झाले, असे कागदोपत्री म्हणता येते. कन्नडला आमचा विरोध नाही. ती राज्याची भाषा आहे आणि तिच्यातील प्रत असलीच पाहिजे. मात्र जोडीला मराठी प्रत नसेल, तर ३० दिवसांतले निम्मे दिवस ‘यात काय लिहिलंय हो?’ असे दुसऱ्याला विचारण्यातच जातील. अस्तराचा थर कसा असेल, झिरपणारे पाणी कोठे साठवणार, डेपोभोवती किती जागा मोकळी ठेवणार, या गोष्टी ऐकीव माहितीवर तपासता येत नाहीत.

ही मागणी जगावेगळीही नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून मान्य आहे. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नव्या पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा आठव्या परिशिष्टातील भाषांत उपलब्ध करण्यास सांगितले, तेव्हा केंद्राने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. मसुदा लोकांच्या भाषेत देण्याचे सरकारला एवढे जड का जावे, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आपल्या पुढाऱ्यांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. दुकानाच्या पाटीवरून रस्त्यावर उतरणारे आपण अशा अहवालांच्या फायली किती वेळा उघडून पाहतो? विस्तारासाठी नव्याने जनसुनावणी घ्यायची की नाही, हे तज्ज्ञ समिती ठरवते. म्हणजे मराठी प्रतीची आणि सुनावणीची, दोन्ही मागण्या अर्ज समितीपुढे असतानाच पोहोचल्या पाहिजेत. मागाहून मोर्चा काढून उपयोग फारसा होत नाही.

आणखी एक. जनसुनावणीला गणसंख्येची अट नाही. गावाने बहिष्कार टाकला, तरी रिकाम्या खुर्च्यांपुढे ती पार पडते आणि नियमानुसार पूर्ण ठरते. तेव्हा जावे, बोलावे, आणि लेखी हरकत मराठीतच द्यावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेण्यास मात्र विसरू नये.