ऊन सर्वांचे, छप्पर कोणाचे?

मे महिन्यातले मोहाडीचे ऊन कोणाची पत पाहत नाही. चौंडेश्वरीच्या देवळाच्या कळसावर ते जसे तापते, तसेच कोसा विणणाऱ्याच्या घरावरील कवेलूंवरही तापते. परंतु या उन्हाची वीज करावयाची म्हटली की भेद सुरू होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसविण्याचा तिचा संकल्प आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. घरात वापरून उरलेली वीज वाहिनीत जाते आणि बिलातून वजा होते. योजना चांगली आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. शेजारच्या तिरोड्यात ३३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र कोळसा जाळीत असताना स्वच्छ विजेचे मोल आपल्याला वेगळे सांगावयास नको.

प्रश्न आहे तो छपराचा. एका किलोवॅटला सावली न पडणारी सुमारे शंभर चौरस फूट भक्कम जागा लागते. ज्याच्या घरावर स्लॅब आहे, त्याचे निभावते. कवेलूच्या घराने काय करावे? जुने वासे त्या सांगाड्याचे ओझे पेलतील कसे? भाडेकरूचे तर छप्परच परक्याचे! पिठाची चक्की, झेरॉक्सचे दुकान, शिलाईचे दुकान यांचे काम भर दिवसा चालते, म्हणजे सूर्य वीज देतो नेमके तेव्हाच. पण अनुदान केवळ घरगुती ग्राहकाला. शिवाय पैसे आधी भरावयाचे, अनुदान मागाहून खात्यात यावयाचे. २०२५ मध्ये राज्य शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी जादा अनुदान मंजूर केले. ते योग्यच झाले. तथापि अनुदान वाढल्याने कवेलूचा स्लॅब होत नाही.

कोणी म्हणेल, आधी घरकुल मिळू द्या, मग पॅनेलचे पाहू. तहानलेल्याला आधी विहीर खणावयास सांगण्यातलाच हा प्रकार! कारण दुसरा मार्ग आहे. एका जागी तयार झालेली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून वजा करण्याचे नियम दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच केले. आपल्याच राज्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये पहिले सौरग्राम ठरले. तेथे एकेका घराचा नव्हे, साऱ्या गावाचा विचार झाला.

मग मोहाडीत शाळा, महाविद्यालय, नगरपंचायत यांच्या गच्च्या रिकाम्या का तापाव्यात? त्यांवर पॅनेल बसवून ती वीज कवेलूच्या घरांच्या आणि छोट्या दुकानांच्या बिलांत वळती करावी, अशी मागणी आपण का करू नये?

मित्रहो, मागणीला आकड्यांचे बळ लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण वही घेऊन घरोघर जाऊ या. कोणाचे छप्पर कशाचे, घर स्वतःचे की भाड्याचे, महिन्याचे बिल किती, एवढे तीनच प्रश्न विचारू या. प्राध्यापकांनी ती यादी तपासून द्यावी आणि आपण ती नगरपंचायतीच्या हाती ठेवावी. ऊन सर्वांचे आहे. त्याची वीजही सर्वांची व्हावी, एवढेच आपले म्हणणे आहे.