विष उतरले, पुढे काय?



शेतकऱ्याच्या आत्महत्येबद्दल आपली भूमिका पहिल्यापासून सरळ आहे. मूळ दुखणे तोट्याच्या शेतीत आहे. कापसाला आणि ज्वारीला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव नाही, म्हणून कर्ज फिटत नाही. शेतकऱ्याच्या डोक्यातच बिघाड आहे, त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगा म्हणजे झाले, असे कोणी म्हणू लागले की आपल्याला राग येतो. तो राग रास्त आहे. भावाच्या प्रश्नाला गोळी हे उत्तर नाही.

पण या रागाच्या भरात एक माणूस आपल्या नजरेआड राहिला. विष पिऊन जो वाचला, तो. मेलेल्याच्या घरी पुढारी जातात. 2006 सालच्या शासन निर्णयाने त्याच्या कुटुंबाला 1 लाख रुपये ठरले, मग पात्र की अपात्र याची चौकशी होते. वाचलेल्याच्या घरी कोणी जात नाही. त्याची पात्रता तपासायला कोणी बसत नाही.

घाटनांदूरच्या शिवारात कोणी फवारणीचे औषध प्याले, तर त्याला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेतात. तिथे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आपल्या मुलखातल्या गरिबाला त्याचाच आधार. डॉक्टर इलाज लिहून देतात, पण रात्रभर रोग्याजवळ असते ती सिस्टर. ॲट्रोपिनचा डोस, तोंडातला फेस, छातीतली घरघर, सगळे तीच बघते. काही विषांत रोगी शुद्धीवर येतो, बोलू लागतो आणि एक ते चार दिवसांत त्याची मान आणि श्वासाचे स्नायू एकाएकी ढिले पडतात. उशीवरून मान उचलता येत नाही, हे वेळेवर कोणाच्या लक्षात आले तरच तो वाचतो. ते लक्षात येण्याची जागा म्हणजे नर्सची रात्रपाळी.

विष उतरते, सुट्टी होते, माणूस घरी येतो. सावकार तोच, थकबाकीची नोटीस तीच, आणि बऱ्याच घरांत औषधाचा डबाही त्याच कोपऱ्यात. त्यात गावाच्या तोंडाची भर. एकदा जीव द्यायला निघालेला माणूस पुन्हा त्या वाटेला जाण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मग या माणसाला घरी सोडताना सलाईनच्या बाटल्या मोजल्या, तशी त्याच्या मनाची विचारपूस कोणी केली का?

असली विचारपूस म्हणजे शहरी चोचले, असे कोणी म्हणेल. त्याच्यासाठी एक हिशेब देतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला. आपल्याकडचे चेन्नई त्यात होते. जीव द्यायचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या 1,867 जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी सुट्टीच्या आधी तासभर बोलणे झाले आणि पुढच्या 18 महिन्यांत 9 वेळा घरी जाऊन किंवा फोन करून खुशाली विचारली. हे काम डॉक्टर किंवा नर्ससारख्या जाणत्या माणसांनी केले. 2008 साली निकाल छापून आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात 18 महिन्यांत हजारी सुमारे 22 जणांनी आत्महत्या केली, दुसऱ्या गटात सुमारे 2 जणांनी. महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. एक तास आणि नऊ भेटी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालावे, आणि त्याने पुन्हा तसे करू नये म्हणून उपचार, देखभाल व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द कायद्यातला आहे. केसच्या भीतीने अजूनही लोक डॉक्टरपासून विषाचे नाव लपवतात. तसे करू नका. डबाच सोबत न्या.

आता दारूकडे येऊ. 1986 च्या चांदवडच्या अधिवेशनापासून शेतकरी बाईने चळवळीत आपला आवाज काढला आणि दारूच्या दुकानांविरुद्धही ती उभी राहिली. पुढे कित्येक गावांत मतदानाने बाटली आडवी झाली. फार मोठे काम झाले. पण दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रोज पिणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न आपण विचारला नाही.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ते बडबडतात, घरच्यांना ओळखत नाहीत. लोक म्हणतात बाहेरचे झाले, आणि त्याला देवर्ष्याकडे नेतात किंवा खाटेला बांधून ठेवतात. हे बाहेरचे नाही, हा आजार आहे. वेळेवर इलाज नाही झाला तर माणूस दगावतो. पाय मोडून किंवा पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात पडलेल्या माणसाची दारूही अशीच तुटते. म्हणून दाखल करताना तो किती पितो आणि शेवटची कधी प्याला, हे सिस्टरला खरे सांगा. लाजू नका.

शिकलेली नर्स अशा रोग्यासाठी दहा बाबींचा तक्ता ठेवते. घाम, थरथर, मळमळ, घालमेल, भास अशा खुणा ठरावीक वेळाने बघते आणि त्यावरून औषध कमीजास्त होते. अशा रोग्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे असते, नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही माहिती डॉक्टरइतकीच नर्सला लागते. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट: त्याला बेवडा म्हणून हिडीसफिडीस करायची नाही. पुण्याच्या मुक्तांगणने 1986 पासून हेच दाखवून दिले की व्यसनी माणूस रोगी आहे आणि माणुसकीने वागवले तर तो उभा राहतो. पण पुणे घाटनांदूरपासून लांब आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराच्या दर 100 जणांतले सुमारे 86 जण उपचाराबाहेर आढळले. आपली माणसे त्या 86 मधली.

आपल्याच तालुक्यात लोखंडी सावरगावला वृद्धत्व व मानसिक आजारासाठी केंद्र बांधले गेले. 2020 साली तीच इमारत करोनाच्या रोग्यांच्या उपयोगी पडली. इमारत हवीच. पण रोगी भिंतींनी बरा होत नाही. खाटेमागे नर्स किती, त्यांतल्या मनाच्या आजाराचे शिक्षण झालेल्या किती, रात्रपाळीला कोण, हे विचारल्याशिवाय उद्घाटनाच्या फिती मोजण्यात अर्थ नाही. चाळीस रोग्यांमागे एकटी सिस्टर असेल तर तिने कोणाजवळ तासभर बसावे? तिची पिळवणूक आणि आपली उपेक्षा एकाच तिजोरीतून होते.

जिल्हा बैठकीत या मागण्यांचा ठराव व्हावा:

1. विषबाधेच्या प्रत्येक रोग्याशी सुट्टीपूर्वी तासभर बोलणे आणि पुढे 18 महिन्यांत 9 भेटी. गावातल्या भेटी उपकेंद्राच्या नर्सकडे द्याव्यात आणि त्यासाठी तिचे दुसरे काम कमी करावे.

2. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मनाच्या आणि व्यसनाच्या आजारांचे शिक्षण झालेली नर्स, कायम पगारावर.

3. ज्या गावात बाटली आडवी होईल, तिथे त्याच आठवड्यात आरोग्य पथक.

सरकारकडे मागायचे ते हे. आपण करायचे ते असे: औषधाचा डबा घराबाहेर कुलपात ठेवा. वाचून आलेल्या भावाच्या ओसरीवर जाऊन बसा, उपदेश करू नका. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 14416 हा सरकारी फोन फुकट आहे.

भावाची लढाई सोडायची नाही. पण ही लढाई लांबची आहे, आणि ती लढायला माणूस जिवंत राहिला पाहिजे.