बेरीज की वजाबाकी?

‘गोपाळकडे राधेपेक्षा 5 पेरू जास्त आहेत. गोपाळकडे 12, तर राधेकडे किती?’ ‘जास्त’ दिसताच बेरीज करावी, असे घोकलेला विद्यार्थी निःशंकपणे 17 लिहितो. दोष त्याचा नव्हे. शब्द हेरून क्रिया ठरविण्याची युक्ती त्याला मोठ्यांनीच दिलेली असते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. 1150) भुंग्यांचे उदाहरण या युक्तीला दाद देत नाही. थव्याचा पंचमांश कदंबावर, तृतीयांश शिलिंध्रावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुटजावर, उरला एक. बीजगणिताची गरज नाही. थवा 30 चा माना : 6, 10 आणि 12 गेले, उरले 2. उरायला हवा एकच; म्हणजे थवा निम्मा, 15 चा. ग्रंथात या रीतीस ‘इष्टकर्म’ म्हटले आहे. अपूर्णांक शिकलेल्या पाचवीच्या मुलाला ती सहज झेपते. मात्र शेजारी बसलेल्या पालकाने ‘अरे, भागाकार कर’ असे पुटपुटता कामा नये.