दुकानातला नोकर ओळखतो, मग कॉम्प्युटरमधला का नाही?

आपला व्यापारी बांधव नवा नोकर ठेवताना त्याचे गाव विचारतो, जामीन कोण ते विचारतो आणि मगच त्याला गल्ल्याजवळ बसू देतो. परंतु ज्या कॉम्प्युटरमध्ये दुकानाची सगळी खातेवही आहे, त्याच्या आत कोण कोण काम करीत बसले आहे याची चौकशी कोणी करीत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्यानंतर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या छोट्या कापडवाल्यालाही कॉम्प्युटर चुकला नाही. तो मंदावला की आपण कॉम्प्युटरवाल्याला बोलावतो, तो "फॉरमॅट मारावे लागेल" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. माझे स्पष्ट मत आहे की, त्याला बोलावण्याआधी पाच मिनिटे स्वतः पाहावे.

पाहण्याची जागा विंडोजमध्येच आहे. तिचे नाव टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ती उघडते. विंडोज १० व ११ मध्ये प्रोसेसेसच्या पानावर तीन गट दिसतात. 'ॲप्स' म्हणजे आपण स्वतः उघडलेली कामे. 'बॅकग्राउंड प्रोसेसेस' म्हणजे पडद्यामागे चाललेली. आणि 'विंडोज प्रोसेसेस' म्हणजे खुद्द विंडोजची. 'सीपीयू' किंवा 'मेमरी' या शब्दावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा वर येतो.

अनोळखी नाव दिसले म्हणून घाबरू नये. 'सर्व्हिस होस्ट' हे नाव अनेक वेळा दिसते, ते विंडोजचेच असते. मात्र अशाच नावाच्या आड व्हायरसही लपतो. म्हणून नावावर राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' पाहावे. सर्व्हिस होस्टची खरी फाईल विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये असते. भलत्याच ठिकाणी निघाली तर शंका घ्यावी आणि जाणकाराला दाखवावी. 'एंड टास्क' दाबण्यापूर्वी हिशेब सेव्ह करावा. विंडोज प्रोसेसेसच्या गटाला तर हातच लावू नये. कॉम्प्युटर सुरू होताच जे प्रोग्रॅम न बोलावता उठतात, ते 'स्टार्टअप'च्या पानावर दिसतात. नको असलेले तेथेच 'डिसेबल' करता येतात.

कधी दिसण्याचीच अडचण होते. जुन्या विंडोज ७ मध्ये टास्क मॅनेजरचे मेनू आणि टॅब एकाएकी गायब होतात. तो बिघाड नव्हे. खिडकीच्या कडेच्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक करावे, सगळे परत येते. विंडोज १० मध्ये फक्त चार नावे दिसत असतील तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबावे. स्क्रीनच्या खालची पट्टी नाहीशी झाली किंवा अडकली, तर यादीतील 'विंडोज एक्सप्लोरर'वर राईट क्लिक करून 'रीस्टार्ट' करावे. एवढ्यासाठी कोणाला पैसे मोजण्याची गरज नाही.

काहीजण म्हणतील, हे आपले काम नव्हे. पण लूम बिघडला तर मिस्त्री येतो. धागा तुटल्याचे मात्र कारागीरच पाहतो. ही तेवढीच नजर आहे. ती नसल्याचा फायदा लबाड माणसे घेतात. फोन करून म्हणतात, "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे." मग दुरून कॉम्प्युटर ताब्यात घेतात, विंडोजचीच साधी नावे दाखवून घाबरवतात आणि पैसे उकळतात. अशाला ताबा देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर तक्रार करावी. तसेच विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, विंडोज ७ चे तर २०२० मध्येच. जुन्या मशीनवर हिशेब ठेवणाऱ्याने याचा वेळीच विचार करावा.

गिऱ्हाईकाची उधारी, विणकराची मजुरी, आडत्याचे देणे, हे सारे आपल्याजवळ अमानत आहे. पूर्वी ती वही कुलपात असे. आता ती पडद्यामागे आहे, म्हणून राखणदारी सुटत नाही. महिन्यातून एकदा, दुकान बंद करण्यापूर्वी, ही यादी मुलाला शेजारी बसवून पाहावी. नेहमीची नावे ओळखीची झाली की परका आपोआप नजरेत भरतो.