खटका आणि बटण

मित्रांनो, एक साधा प्रश्न. कॉम्प्युटरचं पॉवर बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? आज मेसमध्ये जेवताना शेजारच्याला विचारून बघा. "त्यात काय? करंट सुरू होतो!" हेच उत्तर बहुधा मिळेल. भावी इंजिनियरचं हे उत्तर चुकीचं आहे. आणि ते चुकतं, कारण आपण रोज वापरतो त्या डब्याचं झाकण कधी उघडतच नाही.

जुन्या एटी पद्धतीच्या पीसीत हे उत्तर बरोबर होतं. तिथे पुढच्या बाजूला खराखुरा खटका असायचा आणि २३० व्होल्टची जाड वायर थेट त्या खटक्यापर्यंत आलेली असायची. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं आणि खटक्याचं बटण झालं. प्लग लावला की एसएमपीएस जांभळ्या वायरवर ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत राहतो. त्यावर मदरबोर्डचा एक कोपरा कायम जागा असतो. आपण बटण दाबतो तेव्हा फक्त दोन पिना क्षणभर जोडल्या जातात. मदरबोर्डला ते कळतं, तो हिरवी वायर ग्राउंडला खेचतो आणि मग एसएमपीएस बाकीची व्होल्टेज सोडतो. थोडक्यात, बटण दाबणं म्हणजे ऑफिसात अर्ज टाकणं, मंजुरी आतून येते! म्हणूनच पीसी चालू असताना बटण एकदा दाबलं तर तो सहसा नीट शटडाउन होतो. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मात्र अर्ज-बिर्ज काही नाही, थेट बंद.

आता हॉस्टेलवरचा अनुभव घ्या. कॅबिनेटचं प्लास्टिकचं बटण आत गेलं की बाहेर येत नाही. मग कुणी स्क्रूड्रायव्हरने पिना टेकवून पीसी चालू करतो, तर कुणाला दुकानदार सांगतो, "कॅबिनेटच बदला." एका बटणासाठी अख्खं कॅबिनेट! पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दिवा असलेलं पुश बटण मिळतं. ते बसवायला एक संध्याकाळ पुरते.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, दाबल्यावर जोडणारं आणि सोडल्यावर सुटणारं बटण हवं. दाबून अडकणारं घेतलं तर पीसी चालू होऊन काही सेकंदांत पुन्हा बंद पडेल. दोन, आतला एलईडी किती व्होल्टचा आहे ते विचारा. २३० व्होल्टचा दिवा इथे उपयोगाचा नाही. तीन, भोक किती मिलिमीटरचं लागेल ते मोजून घ्या. १६ आणि २२ हे नेहमीचे साईज. हे भोक सव्वापाच इंची ड्राइव्हच्या रिकाम्या प्लास्टिक कव्हरला पाडा, तेही कव्हर बाहेर काढून. पत्र्याचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट झालाच म्हणून समजा.

वायरिंग सोपं आहे. कॉमन आणि नॉर्मली ओपन ही दोन टोकं मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या पिनांना जोडा, उलटसुलट झाली तरी चालतात. पिना कुठल्या ते मॅन्युअलमध्ये असतं. दिव्याची टोकं वेगळी असतात आणि तिथे प्लस-मायनस पाळावंच लागतं. एलईडी साधा असेल तर तो मदरबोर्डच्या पॉवर एलईडीच्या पिनांवर चालतो. १२ व्होल्टचा असेल तर तिथे मंद लागेल किंवा लागणारच नाही. मग त्याला ड्राइव्हच्या कनेक्टरमधली पिवळी आणि काळी वायर द्या. साधा लाल एलईडी १२ व्होल्टवर लावायचा असेल तर रेझिस्टर हवाच. १२ मधून एलईडीचे साधारण २ व्होल्ट गेले, उरले १०. करंट १० मिलिअँपिअर धरला तर १००० ओहम. झाला ओहमचा नियम!

आता मुद्द्याचं बोलतो. या एका बटणात ओहमचा नियम आहे, ॲक्टिव्ह लो सिग्नल आहे, स्टँडबाय सप्लाय आहे, ध्रुवता आहे. हे सगळं आपल्या जर्नलमध्येही आहे. जर्नल पूर्ण आहे, सह्याही आहेत. हातात मात्र काहीच आलेलं नाही.

काही मित्र म्हणतात, "कॅम्पस इंटरव्ह्यूला हे कुठे विचारतात?" अरे, हे समजलेल्या मुलाला जे विचारतील ते सांगता येतं! सरांची काळजी वेगळी असते, ती म्हणजे मुलांना शॉक बसेल. काळजी रास्त आहे. पण २३० व्होल्ट एसएमपीएसच्या डब्याच्या आतच राहतात. बटणाच्या पिनांवर जास्तीत जास्त ५ व्होल्ट असतात. त्यामुळे नियम दोनच: काम करण्याआधी प्लग काढायचा आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही सुमारे ३२५ व्होल्ट राहू शकतात.

म्हणून सरांना एक नम्र विनंती. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये निकामी ठरलेले पीसी भंगारात जाण्याआधी त्यातले चार-पाच आम्हाला उघडायला द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ वर्कशॉप उघडं ठेवा. एक लॅब असिस्टंट, एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, बस्स! बिघडण्यासारखं त्या पीसींत काही उरलेलंच नसेल, त्यामुळे नुकसान शून्य.

आणि मित्रांनो, परवानगी मिळेपर्यंत नुसतं बसून राहू नका. बटण तुटलेला पीसी कुठल्या ना कुठल्या विंगमध्ये सापडेलच. प्लग काढा, झाकण उघडा. चार वर्षांनी डिग्री हातात पडेलच, पण तोवर हात थोडे काळे झालेले बरे!