कोपीला दार कोण लावणार?

ऊसतोडणीचा हंगाम आला की बीड, अहिल्यानगर, नाशिक, जळगावकडची माणसे बिऱ्हाड घेऊन साखरपट्ट्यात उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल आणि सोबत शाळा सोडलेली लेकरे. उसाच्या फडाजवळ माळावर त्यांच्या कोप्या पडतात. बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या या कोपीला दार नसते. शेजारी संडास नसतो. दिवा नसतो. आणि चार पावलांवरच्या उसात बिबट्या असतो.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने दोन लेकरे आणि एक वृद्धा अशा तिघांचा जीव घेतला. संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. वनखात्याची गाडी पेटली. शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. वनमंत्र्यांनी तर बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली. त्याच भागातील माणसे खिळ्यांचे पट्टे गळ्यात बांधून शेतात जाताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. शिकारी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा माणसाच्या गळ्यात आला. पुणे जिल्ह्याच्या मातीत माणसाच्या गळ्यात काय काय बांधले गेले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

बिबट्या उसात आला कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. हा कोणाचा शाप नाही की दैवाचा कोप नाही. त्याला कारणे आहेत. धरणांचे पाणी आले, कालवे आले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या शिवारात ऊस उभा राहिला. वर्षभर आणि त्याहून अधिक काळ उभ्या असलेल्या उसात लपायला आडोसा मिळतो, प्यायला पाणी मिळते. गावाच्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री आणि उघड्यावर बांधलेल्या शेळ्या हे आयते भक्ष्य. मादी उसातच विते. अशा पिल्लांनी जंगल पाहिलेलेच नसते. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आपण ज्याला जंगलातून आलेला पाहुणा समजतो तो प्रत्यक्षात शिवाराचा रहिवासी आहे.

म्हणूनच 'पकडा आणि लांब नेऊन सोडा' ही मागणी ऐकायला सोपी असली तरी तिने प्रश्न सुटत नाही. हा प्रयोग जुन्नरमध्ये होऊन गेला आहे. २००१ पूर्वी तेथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि २००३ पर्यंतच्या काळात ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. माणूस मारू लागलेल्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण दिसेल तो बिबट्या उचलल्याने उरलेले शांत होत नाहीत.

मग जीव कसा वाचवायचा? कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक तळावर जाऊन सांगावे. बिबट्या समोरून क्वचित येतो. तो मागून येतो आणि बुटकी आकृती हेरतो. लेकरू, वाकून खुरपणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस त्याला सावजासारखा वाटतो. म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये. हातात बॅटरी आणि काठी असावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे. मुलांना मध्ये घ्यावे, मागे राहू देऊ नये. बिबट्या दिसला तर पळू नये, खाली बसू नये, वाकू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, हात वर करून, ओरडत हळूहळू मागे सरावे. त्याची वाट अडवू नये, त्याच्याभोवती गर्दी करू नये. अंगावर आलाच तर निपचित पडू नये, हाती येईल त्याने झुंजावे. उसात पिल्ले सापडली तर हात लावू नये. आई जवळच असते. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखम झाली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठावा. रेबीजची लस टाळू नये.

हे सारे सांगितलेच पाहिजे. परंतु एवढे सांगून जबाबदारी संपली असे मानणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. 'पहाटे अंधारात उघड्यावर जाऊ नका' असे फलकावर लिहिता, मग संडास कोठे आहे? 'लेकरांना बाहेर झोपवू नका' म्हणता, मग ताडपत्रीच्या आतले आणि बाहेरचे यांत फरक तो किती? 'मुलांना एकटे सोडू नका' म्हणता, मग आई-बाप दोघेही फडात असताना लेकराजवळ थांबायचे कोणी? 'रात्री शेतात जाऊ नका' म्हणता आणि शेतीपंपाची वीज मात्र रात्रीच्या पाळीत देता. अल्पभूधारक शेतकरी आणि त्याच्याकडे राबणारा सालगडी मध्यरात्री दारे धरायला जातो, तो हौसेने नव्हे.

बिबट्याला जात कळत नाही. परंतु अंधारात उघड्यावर कोणी बसायचे हे या देशात जात आणि गरिबी ठरवते. मुंबईतही तेच दिसते. आरे वसाहतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये बिबट्याने दीड वर्षांचेही नसलेले लेकरू नेले. तेथील आदिवासी पाड्यांतून अंधाऱ्या वाटा आणि संडासाची ओरड वर्षानुवर्षे होत आली आहे. ज्या महानगरात उंच इमारती रात्रभर झगमगतात, तेथे पाड्यावर दिवा लावायला पैसे नसतात काय?

माणूस मेल्यावर सरकार २५ लाख रुपये देते. ते दिलेच पाहिजेत, आणि परजिल्ह्यातल्या मजुराच्या वारसाला कागदांसाठी हेलपाटे न घालायला लावता दिले पाहिजेत. पण कोपीला दार, तळाला दिवे आणि चार संडास याला लागणारा खर्च एका जिवापुढे किती? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ. साखर मात्र सर्वांची. कामगाराची जबाबदारी मालकावर आणि राज्यावर असते, हे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी या देशाला शिकवले. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क उसाच्या फडाशी येऊन संपत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असू द्या. कारखान्याला गाळप परवाना देण्यापूर्वी तोडणी मजुरांच्या तळाची तपासणी व्हावी. तेथे बंदिस्त निवारा, संडास, पाणी आणि दिवे असावेत. हंगामभर तळावर पाळणाघर आणि शाळा चालावी. बिबट्याच्या पट्ट्यात शेतीपंपांना दिवसाच वीज मिळावी. गावाचा कचरा आणि कुत्री यांचा बंदोबस्त ग्रामपंचायतीने करावा. ऊसतोड कामगारांच्या नावाने टनामागे जो पैसा जमा होतो, त्यातील किती पैसा तळावर पोहोचला याचा हिशेब गावसभेत वाचला जावा.

बिबट्या उद्याही उसात असणार आहे. त्याच्या वाटेवर दरवर्षी त्याच घरातली लेकरे का असावीत, याचे उत्तर पिंजरा देणार नाही. ते कारखान्याने आणि सरकारने द्यायचे आहे, आणि ते मिळेपर्यंत प्रत्येक तळावर विचारत राहणे हे आपले काम आहे.