आधी वही, मग दुसरं काम

कर्ज झालं की आपल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो जादा काम करण्याचा. सुरतेत तर तो द्यावाही लागत नाही. पांडेसऱ्याच्या मिलमधून सुटलेला माणूस संध्याकाळी भाड्याची रिक्षा काढतो, बायको घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवते, मोठा मुलगा कॉलेज सांभाळून रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं बांधतो. एवढं करूनही दिवाळीला हिशेब मांडला तर कर्ज होतं तेवढंच असतं. माझं म्हणणं असं आहे की या घरांमध्ये कष्टाची कमतरता कधीच नव्हती. मिळालेला जादा पैसा कुठल्या कर्जाकडे आणि कुठल्या क्रमाने जाणार हे ठरलेलं नसतं, म्हणून तो सगळ्यात महाग कर्जाच्या व्याजात जिरतो. दुसरं काम धरण्याआधी वही धरली पाहिजे आणि महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलून घेतलं पाहिजे. सुरतेत ज्यांचे भाऊ, मेहुणे, भाचे आहेत अशा आपल्या मराठी मंडळातल्या सभासदांनी हे आधी समजून घ्यायला हवं. आपण पाठवलेले पैसेही बहुतेक वेळा त्याच वाटेने जातात.

लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा या भागांत फिरलं की खानदेशच भेटतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती खोऱ्यातून रेल्वे आली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची झाली. शेत पिकलं नाही की गाडीत बसायचं आणि उधन्याला उतरायचं, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज तिथे गल्लीबोळांत अहिराणी ऐकू येते आणि श्रावणात कानबाई बसते. माझं बालपण याच वस्तीतलं, त्यामुळे तिथल्या कर्जाबद्दल जे लिहितो आहे ते पुस्तकात वाचलेलं नाही.

या शहरात पैसा येतो कसा, हे आधी बघू. लूमवर बारा-बारा तासांची पाळी असते आणि मजुरी मीटरवर, बहुतेक ठिकाणी पंधरवड्याने. मार्केट मंद असलं की माल कमी निघतो आणि पंधरवडा हलका जातो. दिवाळीला मार्केट बंद होतं, मिल आणि कारखाने थांबतात, लोक गावी जातात आणि परत येईपर्यंत मजुरी नसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईला पुन्हा गावची वाट. म्हणजे कमाई खरं तर दहा-अकरा महिन्यांची, खर्च मात्र बारा महिन्यांचा. खोलीचं भाडं, किराणा, गॅस, शाळेची फी हे सगळं ठरलेल्या तारखेला येतं. मधली भेग भरायला मालकाकडून उपाड, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली जाते, किराणावाल्याची उधारी चढते, आणि घरात एखादं दुखणं निघालं की सावकार. सुरतेतल्या मराठी घरांची कर्जं चैनीतून झाली असं म्हणणाऱ्याने ही भेग पाहिलेली नसते. महिन्याचं बजेट मांडून इथे भागत नाही. वर्षाची कमाई बारांनी भागून त्यात बसेल तेवढाच महिन्याचा खर्च धरावा लागतो, आणि भरल्या पंधरवड्यातले पैसे मंद पंधरवड्यासाठी बाजूला काढावे लागतात.

आता व्याज. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला पाच हा आकडा लहान वाटतो. तो महिन्याचा दर असतो. एक लाख रुपये घेतले तर महिन्याचं व्याजच 5,000. समजा, दुसऱ्या कामातून महिन्याला 6,000 सुटतात आणि ते सगळे याच कर्जाला जातात. पहिल्या महिन्यात मुद्दल फक्त हजाराने कमी होतं. सावकाराने मुद्दलाचे तुकडे घेतले तरी कर्ज फिटायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एकूण सुमारे 2,20,000 रुपये जातात. तेच एक लाख महिना शेकडा एकने, म्हणजे वर्षाला 12 टक्क्यांनी घेतलेले असते, तर तेवढाच 6,000 चा हप्ता भरून दीड वर्षात सुटका झाली असती आणि एकूण 1,10,000 गेले असते. माणूस तोच, रिक्षा तीच, रात्रीचे तास तेच. वर गेलेले 1,10,000 रुपये ही त्याच्या दीड वर्षाच्या संध्याकाळांची किंमत आहे. शिवाय बरेच सावकार मुद्दलाचे तुकडे घेतच नाहीत. मुद्दल एकरकमी, तोवर व्याज चालू. मग जादा काम जन्मभर केलं तरी फिटायचं काय?

डायरीचे पैसे म्हणून जो प्रकार चालतो, त्याचंही गणित करून पाहावं. दहा हजारांचं कर्ज म्हणायचं, हातात 8,500 ठेवायचे आणि रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस वसूल करायचे. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला हे सोपं वाटतं, कारण शंभराची एक नोट रोज जाते. त्याचा खरा दर वर्षाला सुमारे 120 टक्के पडतो.

लिंबायतला माझ्या नात्यातलं एक घर आहे. त्या घरातल्या वहिनींनी शाळेच्या दोनशे पानी वहीत उभ्या रेघा मारून पाच रकाने केले होते: कोणाचे, किती, दर काय, तारीख कोणती, तारण काय. दवाखान्यासाठी घेतलेल्या एक लाखापुढे दर शेकडा पाच, आणि तारणाच्या रकान्यात ‘दोन कोरे चेक, एक स्टँप पेपर’ असं लिहिलेलं. खाली मिलची उपाड, दर शून्य. त्याखाली मोटरसायकलचा हप्ता, मग भिशी. समोरच्या पानावर कमाई होती: मिलचा पगार 17,000, भाडं आणि गॅस वजा जाता रिक्षाचे 6,000, स्टोनकामाचे 3,500. दोन पानं शेजारी आली तेव्हा घराला पहिल्यांदा दिसलं की रिक्षाची जवळजवळ अख्खी कमाई सावकाराच्या व्याजात जाते. तोवर दादा आधी उपाड फेडायच्या मागे होते, कारण मालकासमोर रोज उभं राहावं लागे आणि लाज वाटे. ज्याची लाज जास्त त्याला आधी द्यायचं, असा क्रम बहुतेक घरांत असतो. वहीने तो बदलला. ज्याचा दर जास्त, तो आधी. पोत आणि बांगड्या बँकेत ठेवून सावकाराचं मुद्दल एकरकमी दिलं, दोन्ही चेक आणि स्टँप पेपर परत घेतले, आणि त्यानंतर रिक्षाचा रुपया सोनं सोडवण्याकडे वळला. पोत बँकेत ठेवायला वहिनींचं मन धजत नव्हतं, हे मी समजू शकतो. पण सहीचा कोरा चेक परक्या माणसाच्या कपाटात असणं हा त्याहून मोठा धोका आहे. त्यावर हवी ती रक्कम लिहिता येते, आणि तो वटला नाही तर कोर्टाची पायरी चढावी लागते ती आपल्याला.

जादा कामाला मर्यादा असते हेही सांगायला हवं. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 60 ने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला मनाई केली होती. यंत्रासमोर झोप लागली तर हात जातो, हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी ते कलम लिहिलं असणार. बारा तासांच्या पाळीनंतर रिक्षा चालवणारा माणूस रस्त्यावर तोच धोका पत्करतो. म्हणून दुसऱ्या कामाला मुदत हवी, आणि त्याच्या पैशाला आधीच नाव दिलेलं हवं: अमुक कर्ज, अमुक महिन्यापर्यंत. मुदत नसलेलं दुसरं काम हळूहळू घरखर्चात मिसळतं, आणि मग ते सोडताही येत नाही.

वही कोणाच्या हातात आहे यावर आपल्याकडे मोठा संघर्ष होऊन गेला आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी मागितले आणि जाळले ते रोखे आणि खतं. कर्जाचा सगळा पुरावा एकाच बाजूच्या हातात होता आणि त्यात काय लिहिलं आहे हे दुसऱ्या बाजूला वाचता येत नव्हतं. त्यानंतर 1879 साली जो दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला, त्यात कर्जदाराला लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. दहा वर्षांनी, 1889 मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली. परस्परांच्या बचतीतून परस्परांना कर्ज देणारी देशातली ती बहुधा पहिली संस्था. तिची पुढे झालेली बँक काळाच्या ओघात टिकली नाही, पण तिच्यामागचा विचार खरा होता: कर्जाचा दर उतरवायचा असेल तर हिशेब आपल्या हातात हवा. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा वारसा घरचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पगारच तुटपुंजे, सावकार दांडगे, मिल कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. अशा माणसाच्या हातात वही देणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं नव्हे का? मजुरी वाढली पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि वही हा मजुरीला पर्याय होऊ शकत नाही. पण कायदा वापरायचा म्हटलं तरी आधी वहीच लागते. गुजरातेत सावकारीसाठी 2011 चा कायदा आहे. जानेवारी 2023 मध्ये राज्यभर पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढली आणि लोकदरबार भरवले. तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला किती घेतले, किती फेडले, चेक कोणाकडे आहेत हे सांगावं लागतं. ज्याच्याकडे तारीखवार नोंद आहे त्याची तक्रार उभी राहते. ज्याच्याकडे नाही, त्याला सावकाराच्या आकड्यावर विसंबावं लागतं.

स्वस्त पैशाच्या वाटाही वही असलेल्यालाच लवकर सापडतात. टाळेबंदीनंतर मे 2020 मध्ये गुजरात सरकारने आत्मनिर्भर योजनेत सहकारी बँका आणि पतसंस्थांमार्फत छोट्या धंदेवाल्यांना एक लाखापर्यंत कर्ज दिलं. त्यात कर्जदाराच्या वाट्याला फक्त 2 टक्के व्याज होतं. त्याच वर्षापासून फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आहे आणि वेळेवर फेडणाऱ्याला तिच्यात 7 टक्के व्याज-सवलत मिळते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्मकर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. हा निम्म्याचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मोबाइलवरच्या अॅपवरून कर्ज घेणाऱ्यानेही वर्षाचा एकूण दर लेखी मागितल्याशिवाय होकार देऊ नये. तो लेखी मिळणं हा त्याचा हक्क आहे.

आता आपल्याकडे वळतो. सुरतेहून फोन येतो, ‘या महिन्याचा हप्ता तेवढा बघा.’ आपण लगेच पैसे पाठवतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच फोन. असे पाठवलेले पैसे सावकाराच्या व्याजात जातात आणि नात्यात मात्र ओझं साचतं. फोन आला की मायेने, पण न संकोचता पाच गोष्टी विचाराव्या: कोणाचे, किती, दर काय, तारीख कोणती, तारण काय. मग हप्त्याला पैसे देण्याऐवजी सगळ्यात महाग कर्ज एकदम बंद करायला द्यावे, आणि चेक परत आल्याची खात्री करून घ्यावी. परतफेड मागायची असेल तर जुन्या व्याजाएवढी रक्कम दरमहा त्यांच्याच खात्यात दवाखान्यासाठी साठवायला सांगावी. ती साठली तर पुढच्या आजारपणात सावकाराचं दार ठोठावावं लागणार नाही.

हे सांगताना आपल्या स्वतःच्या घरालाही तोच नियम लावावा. आपण राहतो तिथल्या क्रेडिट कार्डांचा दर 20 टक्क्यांच्या वर असतो, आणि त्या कार्डावर बाकी ठेवून शनिवार-रविवारचं दुसरं काम करणारी तरुण मराठी जोडपी मंडळात कमी नाहीत. त्यांनीही दुसरं काम पक्कं करण्याआधी एक संध्याकाळ काढून सगळी कर्जं एका पानावर उतरवावी, दराच्या क्रमाने. सगळ्यात वरचं कर्ज कमी दरावर नेता येईल का, हे त्याच संध्याकाळी बघावं. त्यानंतर धरलेल्या जादा कामाचा प्रत्येक तास मुद्दलाला लागेल, आणि ते काम कुठल्या महिन्यात सोडायचं तेही आधीच ठरलेलं असेल.